फोटोकॅटॅलिस्ट कोटिंग खडबडीत करायला बसण्याआधी: नवीन लोकांसाठी पायरी-पायरीनं

एमएससीचा प्रोजेक्ट नाहीतर पीएचडीचं पहिलं वर्ष, विषय मिळालाय नॅनोस्ट्रक्चर्ड मेटल ऑक्साइडच्या थिन फिल्म आणि त्यांची फोटोकॅटॅलिटिक (प्रकाशाच्या जोरावर रसायनं तोडायची) अ‍ॅक्टिव्हिटी, गाइडनी दहा पेपर हातात टेकवलेत आणि प्रत्येकात एसईएमचे (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) देखणे फोटो, कुठे नळ्या, कुठे काड्या, कुठे फुलं, आणि शेवटी तेच वाक्य की पृष्ठभागाचं क्षेत्रफळ वाढलं म्हणून अ‍ॅक्टिव्हिटी वाढली. हे वाचून बहुतेक जण थेट फुलं उगवायला बसतात. माझं म्हणणं एवढंच की आधी तुमच्या कोटिंगचं काम कुठे अडतंय ते शोधा आणि मग तीच अडचण सुटेल असं स्ट्रक्चर निवडा, कारण खडबडीतपणा एका ठिकाणी फायदा करतो आणि दुसऱ्या ठिकाणी तोच नडतो.

खाली मी मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे टायटेनिया धरून लिहितोय, कारण स्वस्त आहे, पाण्यात विरघळत नाही आणि सुरुवात बहुतेकांची त्याच्यापासूनच होते. झिंक ऑक्साइड आणि हेमटाइट (लोखंडाचा ऑक्साइड) मधे मधे येतील.

आधी थोडी थिअरी, लागेल तेवढीच

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटेनियाच्या इलेक्ट्रोडवर अल्ट्राव्हायोलेट (यूव्ही) प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं, तिथून हा विषय पेटला. अ‍ॅनाटेज या प्रकारच्या टायटेनियाची बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तिची तरंगलांबी काढायला १२४० ला ३.२ नी भागा, ३८८ नॅनोमीटर येतात, म्हणजे त्याच्यापेक्षा लांब तरंगलांबीचा प्रकाश त्याला दिसतच नाही. रुटाइल या दुसऱ्या प्रकाराची गॅप ३.०, म्हणजे ४१३ च्या आसपास. सूर्यप्रकाशातल्या ऊर्जेपैकी यूव्हीचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के, त्यामुळे जे काही करायचं ते तेवढ्यातच.

प्रकाश आत शिरला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर उरलेली धन रिकामी जागा) तयार होतात, दोघं पृष्ठभागापर्यंत पोचायला पाहिजेत, वाटेत एकमेकांना भेटले की संपलं, ती ऊर्जा उष्णता होऊन गेली. पृष्ठभागावर पोचले की होल पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतात, इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटतात, आणि त्या वेळी तिथे डायचा (चाचणीसाठी पाण्यात मिसळलेल्या रंगाचा) रेणू हजर असेल तर तो तुटतो. मग तुटलेले तुकडे बाहेर जायला पाहिजेत आणि नवीन रेणू आत यायला पाहिजे.

म्हणजे अडायच्या जागा चार: प्रकाश, चार्ज (म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल), पृष्ठभाग आणि रेणूंची ये-जा. स्ट्रक्चर या चारही ठिकाणी हात घालतं. भोकं पाडली की पृष्ठभाग वाढतो, पण चार्जला बारीक बारीक कणांच्या सांध्यांमधून उड्या मारत जावं लागतं. भोकं फार अरुंद ठेवली तर रेणू आत शिरताना रखडतो. फिल्म जाड केली तर प्रकाश जास्त शोषला जातो पण खालच्या थरापर्यंत डाय पोचत नाही. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

पायरी १: आधी सपाट, कंटाळवाणी फिल्म बनवा

तुलना करायला सपाट फिल्म हातात नसेल तर नळ्या-काड्यांचा आकडा कशाशी लावणार? आणि सपाट फिल्म चांगली बनवणं हेच निम्मं काम आहे, लोक याला फार हलक्यात घेतात.

सगळ्यात सोपा रस्ता सॉल-जेल आणि डिप कोटिंग, म्हणजे द्रावण (सॉल) बनवून त्यात काच बुडवून काढायची आणि वर बसलेला थर वाळवून भाजायचा. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड कोरड्या इथेनॉलमध्ये, त्यात साधारण तितकेच मोल अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन (सॉल पिवळं होतं, घाबरू नका, ते तसंच असतं), मग ढवळत ढवळत थोडं पाणी आणि थेंबभर नायट्रिक अ‍ॅसिड, तेही इथेनॉलमध्ये मिसळून हळूहळू. पाणी घाईनं ओतलंत तर पांढरा चोथा खाली बसेल आणि मग ते फेकून द्यायचंच. शेवटी टायटॅनियमचं प्रमाण ०.३ ते ०.५ मोलारच्या दरम्यान राहील असं बघा.

आपल्याकडे पावसाळ्यात हे काम वैतागाचं होतं. आयसोप्रोपॉक्साइड हवेतलं पाणी ओढतं, बाटलीच्या तोंडाशी पांढरं कवच धरतं, आणि ओल्या हवेत बाहेर काढलेली फिल्म दुधाळ होऊन बसते. कोल्हापूर किंवा कोकणात जुलैमध्ये डिप कोटिंग करायचं असेल तर डिप कोटरभोवती प्लॅस्टिकचा खोका करून आत सिलिका जेल ठेवा, नाहीतर सरळ एसीच्या खोलीत करा, आणि प्रत्येक बॅचला हवेतली आर्द्रता वहीत लिहा. सहा महिन्यांनी दोन बॅच का जुळत नाहीत याचं उत्तर बऱ्याचदा त्या एका आकड्यात सापडतं. स्प्रे पायरोलिसिसचा (तापलेल्या काचेवर द्रावण फवारायचा) सेटअप असेल तर त्याच्यावरही सपाट फिल्म होते, शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी थिन फिल्मचं काम कित्येक वर्षं चालू आहे आणि तिथल्या पोरांना स्प्रे हाच जास्त सवयीचा, फक्त थेंबांचे गोल डाग राहत नाहीत ना ते बघायचं.

काच कुठली? मायक्रोस्कोपची साधी स्लाइड सोडा-लाइम काचेची असते आणि भट्टीत तापली की तिच्यातला सोडियम वर टायटेनियात शिरतो, अ‍ॅनाटेज नीट बनू देत नाही आणि चार्जना अडकवतो. फिल्म दिसायला झकास आणि काम शून्य, असं झालं की पहिला संशय सोडियमवर. उपाय म्हणजे क्वार्ट्झ किंवा बोरोसिलिकेट वापरा, परवडत नसेल तर आधी सिलिकाच्या सॉलचा एक थर देऊन भाजून घ्या आणि मग टायटेनिया.

काच बुडवून एकसारख्या वेगानं वर काढायची, सेकंदाला एक-दोन मिलिमीटर. वेग दुप्पट केला की जाडी दुप्पट होत नाही, १.६ पटीच्या आसपास जाते, कारण जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घातानं वाढते. एका थरात फार जाड घ्यायचा मोह टाळा, वाळताना आणि भाजताना फिल्म आक्रसते आणि आटलेल्या तळ्याच्या मातीसारखी भेगाळते. पातळ थर द्या, १०० डिग्रीला दहा मिनिटं वाळवा, मग पुढचा थर. शेवटी मिनिटाला दोन ते पाच डिग्रीच्या वेगानं ४५० पर्यंत नेऊन तासभर ठेवा. साधी स्लाइड असेल तर ५०० च्या वर जाऊ नका, काच वाकते.

बाहेर काढलेली फिल्म ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघा. जाडीप्रमाणे निळसर, जांभळट, सोनेरी छटा दिसतात, सगळीकडे एकच छटा असेल तर जाडी एकसारखी, पट्टे दिसले तर काढताना धक्का बसलाय. खालच्या कडेला जाड रेघ राहतेच, ती मापनाच्या बाहेर ठेवा. आणि हो, डिप कोटिंगमध्ये काचेच्या दोन्ही बाजूंना थर बसतो, क्षेत्रफळ मोजताना हे विसरलं की आकडा सरळ दुपटीनं चुकतो. मागची बाजू पुसायची असेल तर भाजण्याआधीच पुसा.

एक्सआरडीत (क्रिस्टल ओळखायच्या एक्स-रे चाचणीत) अ‍ॅनाटेजचा मुख्य पीक २५.३ डिग्रीला आणि रुटाइलचा २७.४ ला. पीकच नसेल तर फिल्म अमॉर्फस आहे, म्हणजे क्रिस्टल बनलेच नाहीत, आणि अमॉर्फस टायटेनिया जवळजवळ कामच करत नाही. सगळ्यात जास्त क्षेत्रफळ कुणाचं असतं? न भाजलेल्या जेलचं! आणि तेच सगळ्यात निकामी. क्षेत्रफळ वाढलं म्हणून अ‍ॅक्टिव्हिटी वाढली हे वाक्य लिहायची हुक्की आली की ही गोष्ट आठवा.

पायरी २: कुठे अडतंय ते शोधा

ही पायरी पेपरांमध्ये सहसा दिसत नाही, म्हणून मी इथे जास्त वेळ घेणार. तीन साध्या चाचण्या आहेत, वेगळं यंत्र काही लागत नाही, फक्त यूव्ही मीटर तेवढा हवा. डायचा रंग जाण्याचा दर कसा मोजायचा ते पुढच्या पायऱ्यांमध्ये आहे, आत्ता दर मोजता येतो असं धरून चला.

पहिली चाचणी प्रकाशाची. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी किंवा ट्यूब घ्या, फिल्मच्या जागी मीटर ठेवून आकडा वाचा, मग मधे तारेची जाळी लावून तो अर्धा करा. दर बरोबर अर्धा झाला तर तुमच्याकडे प्रकाशच कमी पडतोय, मिळेल तो जास्तीचा फोटॉन कामी येईल. दर साधारण ७० टक्क्यांवर आला, म्हणजे प्रकाशाच्या वर्गमुळाप्रमाणे चालला, तर चार्ज भरपूर तयार होताहेत पण एकमेकांना भेटून वाया जाताहेत. आणि प्रकाश अर्धा करूनही दर हललाच नाही तर प्रकाश-चार्ज दोन्ही सोडा, रेणूच वेळेवर पोचत नाहीयेत.

दुसरी ढवळण्याची. स्टिरर बंद, मध्यम, जोरात, तीन वेळा दर मोजा. हे का एवढं महत्त्वाचं ते आकड्यात बघा: पाण्यात डायच्या रेणूचा डिफ्यूजन कोइफिशंट (ढवळल्याशिवाय आपोआप पसरण्याच्या वेगाचं माप) ढोबळमानानं ५ गुणिले १० चा उणे १० वा घात, चौरस मीटर प्रति सेकंद. एक सेंटिमीटर अंतर नुसत्या डिफ्यूजननं पार करायचं तर अंतराचा वर्ग भागिले दुप्पट कोइफिशंट, उत्तर येतं एक लाख सेकंद, म्हणजे २७-२८ तास. तोच रेणू एक मायक्रॉन खोल भोकात उतरायला एक मिलिसेकंद घेतो, अरुंद भोकात अडखळून दहापट शंभरपट वेळ लागला तरी सेकंदाच्या आतच. म्हणजे जो उशीर होतो तो तुमच्या नॅनो भोकात होत नाही, बीकरमध्ये होतो. न ढवळलेल्या बीकरच्या तळाशी फिल्म ठेवून तिचं नॅनोस्ट्रक्चर कितीही बदललंत तरी आकडे सारखेच येणार आणि तुम्ही म्हणणार स्ट्रक्चरचा काही परिणाम नाही!

तिसरी जाडीची. एक, दोन, चार, सहा थरांच्या फिल्म बनवा. थरांबरोबर दर वाढत गेला तर खालचे थरही कामाला लागलेत. दोन थरांनंतर वाढ थांबली तर एकतर प्रकाश वरच्या थरातच संपतोय, नाहीतर खालपर्यंत रेणू पोचत नाहीत. ३६५ ला अ‍ॅनाटेजचं शोषण फार जोरदार नसतं, बँडच्या काठावरच आहे ते, त्यामुळे शेदोनशे नॅनोमीटरच्या घट्ट फिल्ममध्ये प्रकाश संपलाय असं सहसा होत नाही, म्हणजे संशय बंद भोकांवर जास्त.

आता हे तिन्ही एकत्र वाचा. प्रकाश कमी पडतोय आणि थर वाढवून फायदा होतोय, तर सच्छिद्र आणि जाड फिल्म, प्रकाश आत विखुरणारं स्ट्रक्चर. चार्ज वाया जाताहेत, तर आणखी भोकं पाडून उपयोग नाही, उलट सांधे वाढतील, त्यापेक्षा क्रिस्टल चांगले करा, भाजण्याचं तापमान तपासा, सरळ उभ्या नळ्यांकडे जा. ढवळल्यावर दर वाढतोय, तर आधी रिअ‍ॅक्टर सुधारा, आणि स्ट्रक्चर करायचंच तर मायक्रॉनच्या मापाचे रुंद, उघडे मार्ग करा.

पायरी ३: स्ट्रक्चर निवडा

सच्छिद्र फिल्म. सगळ्यात कमी त्रासाची. त्याच सॉलमध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पीईजी) किंवा प्लुरॉनिक जातीचा पॉलिमर विरघळवायचा, भाजताना पॉलिमर जळून जातो आणि मागे भोकं उरतात. पीईजी थोडं वाढवलं की भोकं मोठी आणि वेडीवाकडी, प्लुरॉनिकनं बारीक आणि जास्त सारखी. गोम तापमानात आहे: कमी भाजलं तर पॉलिमरचा कार्बन आत राहतो, फिल्म तपकिरी दिसते आणि क्रिस्टल अर्धवट, जास्त भाजलं तर क्रिस्टल फुगतात आणि भोकं मिटतात. म्हणून ४००, ४५०, ५०० अशी तीन तापमानं करून बघितल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका. बोनस म्हणजे भोकांमुळे फिल्मचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक) उतरतो आणि परावर्तन कमी होतं. पण या बोनसची मर्यादाही ओळखा, अ‍ॅनाटेजचा इंडेक्स २.५ धरला तर हवेत पृष्ठभागावरून १८ टक्के प्रकाश परत जातो आणि पाण्यात ९ टक्केच, त्यामुळे पाण्यातल्या कामात परावर्तन पूर्ण बंद पाडलंत तरी दहा टक्क्यांचाच फायदा. पाचपट अ‍ॅक्टिव्हिटीचं श्रेय कुणी नुसत्या अँटीरिफ्लेक्शनला देत असेल तर भुवई वर जाऊ द्या. प्रकाश आतल्या आत विखुरून त्याचा प्रवास लांबवणं ही वेगळी गोष्ट, तिथे खरा फायदा होऊ शकतो, कारण पातळ फिल्ममध्ये ३६५ चा बराच प्रकाश तसाच आरपार जात असतो.

नळ्या. टायटॅनियमचा पत्रा, इथिलीन ग्लायकॉलमध्ये ०.३ ते ०.५ टक्के अमोनियम फ्लोराइड आणि दोनेक टक्के पाणी, समोर दुसरा इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनम किंवा ग्रॅफाइट, ६० व्होल्ट, तासाभरात काही मायक्रॉन लांबीच्या उभ्या नळ्या तयार. व्होल्टेज वाढवलं की नळीचा व्यास वाढतो, वेळ वाढवला की लांबी. चार्जला सरळ रस्ता मिळतो ही जमेची बाजू. नवीन पोरं इथे लांबीच्या मागे लागतात, पण पत्रा अपारदर्शक असल्यामुळे प्रकाश वरूनच येणार आणि एका मर्यादेनंतर खालचा भाग अंधारातच, तेवढी लांबी फुकट. जास्त वेळ ठेवलं तर वरची टोकं झिजून त्यांचं गवत माजतं आणि नळ्यांची तोंडं बुजतात, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये थोडा वेळ धरून ते काढतात. ताज्या नळ्या अमॉर्फस असतात, ४५० ला भाजल्याशिवाय मोजू नका. आणि फ्लोराइडला मस्करी समजू नका, काचेचं भांडं नको, प्लॅस्टिकचं घ्या, हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल जवळ हवंच, नसेल तर नळ्यांचा नाद सोडा.

झिंक ऑक्साइडच्या काड्या. या तर घरच्या प्रेशर कुकरइतक्या तापमानालाही न जाता उगवतात. आधी झिंक अ‍ॅसिटेटचा पातळ बियांचा थर देऊन भाजायचा, मग झिंक नायट्रेट आणि हेक्सामिन सारख्या प्रमाणात, २५ मिलिमोलारच्या आसपास, त्यात काच तोंड खाली करून ठेवायची आणि ९०-९५ डिग्रीला काही तास. तोंड खाली का, तर द्रावणात जो पांढरा गाळ बनतो तो काड्यांवर बसू नये. फोटो अप्रतिम येतात. पण झिंक ऑक्साइड अ‍ॅसिडमध्येही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही, शिवाय यूव्हीखाली स्वतःच हळूहळू झिजतं. इचलकरंजीसारख्या ठिकाणी डाइंगचं सांडपाणी निघतं, तसल्या पाण्यासाठी कोटिंग करतोय असं प्रस्तावनेत लिहायचं असेल तर आधी हे बघा की रंगकामाचं पाणी बऱ्याचदा चांगलंच अल्कलाइन असतं, काड्या त्यात टिकतील का? आणि पाण्यात गेलेल्या झिंकचं काय?

हेमटाइटची गोष्ट उलटी आहे, तिथे स्ट्रक्चर ही चैन उरत नाही. त्याची गॅप २.१ च्या आसपास म्हणून दृश्य प्रकाश शोषतं, पण होल दोन ते चार नॅनोमीटरच चालू शकतात आणि प्रकाश शोषायला मात्र त्याच्या कितीतरी पट जाडी लागते. सपाट हेमटाइटमध्ये बहुतेक होल वाटेतच मरतात, बारीक काड्या किंवा अतिपातळ थर केल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही. ऑक्साइडप्रमाणे उत्तर बदलतं ते असं.

इन्व्हर्स ओपल, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या गोळ्या रचून त्यांच्यामधे सॉल भरून गोळ्या जाळायच्या, हे पहिल्या वर्षी करू नका. प्रकाश मंदावण्याचा फायदा मिळतो खरा, पण ती तरंगलांबी कोनाप्रमाणे सरकते आणि भोकात हवेऐवजी पाणी भरलं की आणखी सरकते, म्हणजे कोरडी असताना स्पेक्ट्रोमीटरवर जुळवलेली फिल्म बीकरमध्ये गेल्यावर जुळत नाही.

पायरी ४: खडबडीतपणा मोजा, पण कशानं

एएफएमचा (अणुबल मायक्रोस्कोपचा) रफनेस आकडा देऊन काम संपलं असं समजू नका. एएफएमची टोकदार सुई वरच्या चढउतारांवरून फिरते, आतली भोकं तिला कळतच नाहीत. सच्छिद्र फिल्मचा एएफएम रफनेस दोन-तीन नॅनोमीटर आणि आतलं क्षेत्रफळ सपाटाच्या शंभरपट, असं आरामात होतं. आपल्याला हवा तो रफनेस फॅक्टर, म्हणजे खरं क्षेत्रफळ भागिले वरून दिसणारं. फिल्मवर गॅस शोषणाची मोजणी अवघड जाते, वस्तुमानच इतकं कमी असतं, म्हणून सोपा मार्ग असा की अंधारात डाय भरपूर चिकटवायचा, सुटा डाय वरवर धुवायचा, मग चिकटलेला सगळा सोडवून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजायचा. अगदी अचूक नाही, पण फिल्म-फिल्मची तुलना करायला पुरतं.

पायरी ५: खरी परीक्षा, आणि इथेच सगळे फसतात

मिथिलीन ब्लू हा निळा डाय, १० मायक्रोमोलार, म्हणजे लिटरला सुमारे ३.२ मिलिग्रॅम. ३० मिलिलिटर द्रावण, २.५ गुणिले २.५ सेंटिमीटरची फिल्म, एका चौरस सेंटिमीटरवर एक मिलिवॅट यूव्ही. ठरावीक वेळानं नमुना काढून ६६४ नॅनोमीटरला शोषण मोजायचं, सुरुवातीचं भागिले आत्ताचं, त्याचा नॅचरल लॉग वेळेसमोर काढला की सरळ रेघ आणि तिचा उतार म्हणजे दर.

आता हा हिशेब करा. त्या द्रावणात ०.३ मायक्रोमोल डाय, म्हणजे १.८ गुणिले १० चा १७ वा घात इतके रेणू. एक रेणू आडवा पडून साधारण १.३ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो. सपाट फिल्मवर एक पूर्ण थर बसला तरी डायचा पाव टक्काच गेला, दिसणारही नाही. पण रफनेस फॅक्टर १०० असेल तर? थेट सव्वीस-सत्तावीस टक्के डाय नुसता चिकटून बसू शकतो, अंधारात, एक रेणूही न तुटता! यूव्ही लावल्या लावल्या मोजायला सुरुवात केलीत तर सच्छिद्र फिल्म पहिल्या तासात सपाटपेक्षा कितीतरी भारी दिसणार आणि त्यात फोटोकॅटॅलिसिसचा वाटा किती हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून अंधारात ठेवा, शोषण दोन लागोपाठच्या नमुन्यांमध्ये बदलायचं थांबेपर्यंत ठेवा, तीस मिनिटं हा काही शास्त्रात लिहिलेला आकडा नाही, खोल भोकांना जास्त लागतात. त्याहून चांगलं म्हणजे आधी वेगळ्या डाय द्रावणात फिल्म भिजवून घ्या आणि मग ताज्या द्रावणात चाचणी सुरू करा. पीएचही लिहा, टायटेनियाचा पृष्ठभाग पीएच ६ च्या वर ऋण होत जातो आणि मिथिलीन ब्लू धन आहे, म्हणजे पीएच वर गेला की चिकटणं वाढलं.

सोबत दोन कंट्रोल हवेतच: प्रकाश आहे पण फिल्म नाही, फिल्म आहे पण प्रकाश नाही. डाय नुसत्या प्रकाशानंही थोडा उडतो.

फक्त ६६४ चा आकडा न बघता पूर्ण स्पेक्ट्रम काढा. पीक डावीकडे सरकत असेल तर रेणूचे मिथाइल गट गळताहेत, रेणू अजून शाबूत आहे. द्रावणात ऑक्सिजन संपला तर मिथिलीन ब्लू तुटण्याऐवजी रिड्यूस होऊन रंगहीन होतो आणि हवा लागली की परत निळा, तेव्हा भांडं हवाबंद करू नका किंवा हवेचे बुडबुडे सोडा. आणि दृश्य प्रकाशात माझी फिल्म चालते हा दावा मिथिलीन ब्लू किंवा ऱ्होडामाइन बी वर करूच नका, डाय स्वतःच प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन टायटेनियाला देतो आणि स्वतः तुटतो, त्यात तुमच्या फिल्मचं कर्तृत्व काही नाही. तिथे फिनॉलसारखा बिनरंगाचा रेणू लागतो.

गंमत म्हणून फोटॉनही मोजा. वरच्या प्रकाशात फिल्मवर सेकंदाला १.१ गुणिले १० चा १६ वा घात इतके फोटॉन पडतात. प्रत्येक फोटॉननं एक रेणू तोडला असता तर अख्खं बीकर सोळा सेकंदांत साफ झालं असतं. समजा दोन तासांत निम्मा रंग गेला, तर हजार फोटॉनमागे एकच रेणू तुटलाय. सुधारायला जागा किती आहे ते यावरून दिसतं, आणि नव्वद टक्के डिग्रेडेशन हा आकडा आकारमान, क्षेत्रफळ आणि प्रकाश न सांगता लिहिला तर त्याला काडीची किंमत का नाही तेही. दर देताना दिसणाऱ्या चौरस सेंटिमीटरमागे द्या, आणि शेजारच्या रकान्यात रफनेस फॅक्टरनं भागून द्या. पहिला आकडा वाढला आणि दुसरा घसरला तर वाढवलेला बराचसा पृष्ठभाग रिकामा बसलाय.

सेल्फ-क्लीनिंगसाठी करत असाल तर

थोडक्यात सांगतो. टायटेनिया यूव्हीखाली पाण्याला कमालीचं जवळ करतं हे १९९७ मध्ये जपानी गटानं दाखवलं. वेन्झेलचा १९३६ चा नियम सांगतो की रफनेस फॅक्टर पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी करतो त्या कोनाच्या कोसाइनला गुणतो: सपाटावर ६० डिग्री असेल आणि फॅक्टर १.६ असेल तर कोन ३७ वर येतो, पण सपाटावरच १०० असेल तर १०६ वर जातो. म्हणजे खडबडीतपणा आहे तो स्वभाव वाढवतो, तेलकट हवेत पडून मळलेली फिल्म खडबडीत असल्यामुळे जास्तच पाणी झिडकारते, यूव्ही लागून ती साफ होईपर्यंत. आणि बाजारात २००१ पासून मिळणारी पिल्किंग्टन अ‍ॅक्टिव्ह काच बघा, तिच्यावरचा टायटेनियाचा थर जेमतेम १५ नॅनोमीटर, आणि गुळगुळीतच. खिडकीतून आरपार दिसायला पाहिजे, काच पुसली तरी थर टिकायला पाहिजे, आणि काम वर्षानुवर्षं निवांत चालायचंय, तिथे नळ्या-काड्या कोण लावणार.

पायरी ६: टिकतंय का

चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा आणि पट्टीवर पांढरं येतं का बघा. काड्या आणि जाड सच्छिद्र थर इथेच गळपटतात. मग तीच फिल्म लागोपाठ पाच वेळा वापरा, मधे फक्त साध्या डिस्टिल्ड पाण्यात यूव्हीखाली ठेवून धुवा. दर घसरत गेला तर तीन कारणं शक्य आहेत: थर निघतोय, भोकात तुटके रेणू अडकलेत, किंवा ऑक्साइडच विरघळतंय. पाचव्या वापरानंतरचा एसईएम पहिल्याच्या शेजारी ठेवला की पहिलं आणि तिसरं कळतं, आणि ४०० डिग्रीला परत भाजून दर परत आला तर दुसरं होतं.

शेवटची एक चाचणी डिस्टिल्ड पाण्याऐवजी बोअरच्या पाण्यात करा. त्यातले बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल खातात, आणि कॅल्शियमचे क्षार बारीक भोकांच्या तोंडाशी आधी साचतात, त्यामुळे डिस्टिल्ड पाण्यात पहिली आलेली फिल्म बोअरच्या पाण्यात सपाट फिल्मच्याही मागे पडू शकते. दोन्ही आकडे थिसिसमध्ये टाका, परीक्षक विचारण्याआधी.